सव्वीस फुटांची आत्या

माझी सख्खी आत्या सव्वीस फूट लांब आहे, लाकडाची आहे आणि डिझेलवर चालते.

हे नीट सांगायला हवं, नाहीतर लोक माझ्या आजीबद्दल भलतेसलते विचार करतात. आजोबांनी लग्नाच्या आधी होडी बांधून घेतली. मग लग्न झालं, मग माझे बाबा झाले, मग काका. म्हणजे घरातलं थोरलं अपत्य होडी. मुलं तिला ताई म्हणायची, आणि बाबांची ताई ती माझी आत्या. यात चूक कुठे आहे ते मला आजवर कोणी दाखवून दिलेलं नाही. शाळेत 'माझे नातेवाईक' या निबंधात मी लिहिलं होतं की माझी आत्या फार प्रेमळ आहे, तिच्या पोटात नेहमी मासे असतात आणि वर्षातून एकदा तिला पालथी घालून खरवडतात. दुसऱ्या दिवशी बाईंनी आईला बोलावून घेतलं.

घरात ताईचा मान पहिला. आधी ताईला रंग, मग मुलांना कपडे. रंग उरला तर खिडक्यांना, त्यातूनही उरला तर स्वयंपाकघरातल्या स्टुलाला. त्या घरातली सकाळ मला वासांनीच आठवते: तेलकट रंग, ओल्या दोऱ्या आणि चहा. चहा फक्कड व्हायचा, फक्त त्यात पत्ती तरंगायची. आम्ही तो दातांनी गाळून प्यायचो. पाहुणे ओठाला चिकटलेली पत्ती बोटाने काढत "वा, कडक आहे," म्हणायचे. आमच्याकडे चहा असाच असतो, एवढंच मला माहीत होतं.

आजोबांकडे दोन गोष्टी होत्या. एक ताई आणि दुसरी जागा.

जागा म्हणजे समुद्रातली. पाण्याखाली एक खडक आहे, आमच्या अंगणाएवढा, आणि त्याच्याभोवती मासे असे उभे असतात जसे पगाराच्या दिवशी बँकेत लोक. आता पाण्यावर काही फुली मारून ठेवता येत नाही. म्हणून खुणा जमिनीवर धरायच्या. होडीतून मागे किनाऱ्याकडे बघायचं: गावाबाहेरची पाण्याची टाकी डोंगराच्या खिंडीत बरोबर बसली की झाली एक रेघ. मग उजवीकडे बघायचं: टेकडीवरचं मोठं झाड लाल छपराच्या बरोबर डोक्यावर आलं की झाली दुसरी. दोन रेघा जिथे भेटतात तिथे नांगर. मी खुणा सांगितल्या म्हणून लगेच निघू नका. टाक्या आणि झाडं जगात पुष्कळ आहेत.

मासे धरणाऱ्या प्रत्येक घराची अशी एखादी जागा असते आणि ती कोणी कोणाला सांगत नाही. आजोबा याच्याही पुढे गेले. त्यांनी ती स्वतःच्या मुलांनाही अर्धी अर्धीच सांगितली. टाकी थोरल्याला, म्हणजे बाबांना. झाड धाकट्याला. होडी जागेजवळ आली की आजोबा खिशातून एक पांढरं फडकं काढायचे. आधी काकांचे डोळे बांधायचे, आणि बाबा टाकी बघून "डावीकडे घ्या, उजवीकडे घ्या" करायचे. टाकी खिंडीत बसली की फडकं बाबांच्या डोळ्यांवर, आणि मग काका झाड बघायचे.

"दिसतंय का रे काही?" आजोबा बांधलेल्याला विचारायचे.

"काही नाही, आप्पा."

पोरांना मिशा आल्या, लग्नं झाली, मुलं झाली, तरी हे चालूच. दोन बापे माणसं आळीपाळीने आंधळी कोशिंबीर खेळतायत आणि तिसरा म्हातारा सुकाणू धरून समाधानाने बसलाय, हे मी लहानपणी पुष्कळदा पाहिलं आहे. मला मात्र कोणी कधी फडकं बांधलं नाही, कारण जागेजवळ पोहोचेपर्यंत मी डोळे अर्धे मिटून पेंगत पडलेली असायची. 

आजोबा गेले त्यानंतर दोघं भाऊ पहिल्यांदा ताईला घेऊन गेले तेव्हा फडकं कोणी बांधायचं हा प्रश्न आला. मग दोघांनी आपापली मान वळवून प्रामाणिकपणे काम केलं. नांगर टाकला. तो खडकात असा रुतला की शेवटी दोर कापावा लागला. आजोबांचा नांगर होता.

"तुझं झाड चुकलं," बाबा म्हणाले.

"तुझी टाकी चुकली," काका म्हणाले.

धक्क्याला लागेपर्यंत बोलणं कोणी कोणाची पाटी फोडली होती इथवर पोहोचलं होतं. त्यानंतर दोघांचं बोलणं बंद. एकाला दुसऱ्याशिवाय जागा सापडायची नाही, आणि बाकीच्या समुद्रात मासे कमीच होत चालले होते. बाबा बर्फाच्या कारखान्यात लागले. काकांनी इंजिन दुरुस्तीचं दुकान टाकलं. ताई अंगणात येऊन ओंडक्यांवर बसली, दोघांच्या घरांच्या अगदी मधोमध. रंगाची वेळ आली तेव्हा बाबांनी आपल्या दाराकडची बाजू निळी रंगवली आणि काकांनी त्यांच्या दाराकडची हिरवी. पोस्टमन बरेच दिवस समजत होता की आमच्याकडे दोन होड्या आहेत.

बोलणं बंद म्हणजे तसं अगदी बंद नव्हतं. एका अंगणात राहून ते जमत नाही. दोघं ताईशी बोलायचे.

"ताई, त्याला सांग, पाण्याचा नळ रात्रभर गळतोय," काका दारातून म्हणायचे.

"ताई, त्याला सांग, मला कान आहेत," बाबा खिडकीतून.

"ताई, त्याला सांग, कान आहेत तर वॉशर पण बसव."

अशी दहा वर्षं गेली. मी मोठी झाले, शिकले, पडद्यांच्या दुकानात लागले आणि एके दिवशी दुकानच बंद पडलं, कारण गावात खिडक्या होत्या त्याहून जास्त पडदे आम्ही विकून झालो होतो. मी घरी बसले. आणि त्याच महिन्यात आत्याला स्थळ आलं.

स्थळ म्हणजे हॉटेलवाला. समुद्राकडच्या रस्त्यावर त्याचं नवं हॉटेल होतं आणि त्याला बागेत ठेवायला खरी जुनी होडी हवी होती. तो शर्ट खोचून आला, खुर्चीत बसला आणि ताईकडे टक लावून बघत राहिला. वय किती, उंची किती, कधी मोठं दुखणं वगैरे झालंय का, सगळं विचारलं. मग खिशातून टेप काढून तिची कंबर मोजली.

"मधोमध कापायची," तो म्हणाला, "अर्धी उभी करून तिच्यात थंड पेयांचं काउंटर. उरलेल्या आडव्या अर्ध्या भागात शोभेची झाडं. लोक फोटो काढतील. तिला एकटं वाटणार नाही."

काका हो म्हणाले. दुकानाचं भाडं वाढलं होतं आणि ताडपत्रीखाली लाकूड कुजत होतं, यात काकांचं काही चूक नव्हतं. बाबा खुर्चीतून उठले. ते आत गेले आणि त्यांनी नळाचा वॉशर बदलला. तेव्हा मला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

"बाबा, मी ताईवर धंदा सुरू करते," मी त्या संध्याकाळी म्हणाले. "शहरातले लोक गळ टाकायला होडी भाड्याने घेतात. आपण त्यांना समुद्रात न्यायचं, गळ हातात द्यायचा, मासे त्यांनी पकडायचे."

"आणि पैसे?"

"ते देणार."

"मासे ते पकडणार आणि पैसे पण तेच देणार?"

"हो."

"आणि नाही मिळाले मासे तर?"

"तरी देणार. पण मग परत येणार नाहीत."

बाबांनी बोटांवर हिशेब केला. "मग आप्पा आयुष्यभर उगाच जाळी ओढत बसले म्हणायचे," ते म्हणाले.

काकांचा होकार मिळवणं अवघड होतं, पण त्यांची दाढ मदतीला आली. दाढ काढायला त्यांना सोबत हवी होती, मी गेले. दाताचे डॉक्टर गप्पिष्ट. काकांच्या तोंडात दोन हात आणि एक पक्कड घालून त्यांनी विचारलं, "मग, घरचा धंदा काय?" काकांना उत्तर देता येईना, म्हणून मी दिलं. गळाची होडी, खास जागा, आजोबांपासूनची. डॉक्टरांचे डोळे चमकले. म्हणाले, सासूबाई आल्यायत, त्यांना घरात बसून कंटाळा आलाय आणि खरं सांगायचं तर आम्हालाही. रविवारी नेता का?

"नेतो ना, काका?" मी विचारलं.

"आं! आं आं!" काका म्हणाले.

"हो म्हणतायत," मी सांगितलं.

बाहेर आल्यावर काका कापसाच्या बोळ्यातून मला जे बोलले ते सुदैवाने नीट ऐकू आलं नाही. पण शब्द गेला होता, आणि आमच्या घरात दिलेला शब्द मोडत नाहीत, भले तो 'आं' असो. बोळा काढल्यावर काका म्हणाले, "एक फेरी. गिऱ्हाईक खूश होऊन परत आलं तर ताई राहील. नाहीतर सोमवारी हॉटेलवाला करवत घेऊन येईल. बघ बाई."

म्हणजे मासे मिळायलाच हवे होते. मासे म्हणजे जागा. आणि जागा म्हणजे दोन्ही भाऊ एका होडीत.

पुढचे काही दिवस अंगणात ठोकाठोकी चालली. बाबा फळ्या बघत होते, काका इंजिन. ताईच्या पोटात दोघं दोन टोकांना डोकी खुपसून बसलेले, आणि मधे सगळा संवाद तिच्यामार्फत.

"ताई, त्याला सांग, पाना दे."

"ताई, त्याला विचार, कुठला."

"ताई, त्याला सांग, ज्याला डोळे आहेत त्याला दिसतोय तो."

एकदा मीच कंटाळून म्हणाले, "अहो, आत्याला जरा दम खाऊ द्या." दोघांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घातलं. शनिवारी सुकाणूजवळचा खण साफ करताना मला गंजलेल्या गळांखाली ते पांढरं फडकं सापडलं. पिवळट झालं होतं, पण धड होतं. मी ते बाबांना दाखवलं. त्यांनी नाकाजवळ धरलं, बराच वेळ हुंगलं, आणि म्हणाले, "धुऊन ठेव. लागणार आहे."

"कोणाला बांधायला? आता तुम्ही दोघंच तर आहात."

"गिऱ्हाइकांना."

मी समजावलं की पैसे देऊन आलेल्या माणसांचे डोळे बांधून त्यांना समुद्रात नेणं याला कायद्यात वेगळं नाव आहे. बाबा ऐकेनात. "जागा फुटली तर उद्या गावातले सगळे दाताचे डॉक्टर होड्या घेऊन तिथे उभे राहतील," ते म्हणाले. आणि अंगणाच्या दुसऱ्या टोकावरून, कोणी विचारलेलं नसताना, काका म्हणाले, "ताई, त्याला सांग, बरोबर आहे त्याचं." दहा वर्षांत दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं होतं. मी वाद घातला नाही.

रविवारी सकाळी डॉक्टर नवी कोरी टोपी घालून आले. सासूबाई आल्या त्या साध्या चपला, पदर खोचलेला, हातात केळ्यांची पिशवी. त्यांनी ताईच्या निळ्या बाजूला बघितलं, चालत जाऊन हिरव्या बाजूला बघितलं आणि म्हणाल्या, "दोन सावत्र बापांची दिसतेय." मला त्या तिथेच आवडल्या.

ताई पाण्यात उतरली तेव्हा एकदा कण्हली आणि मग अशी तरंगली की जणू ती अंगणात कधी गेलीच नव्हती. इंजिनाचा तो आवाज मी शाळेत असताना शेवटचा ऐकला होता. टक, टक, मधेच एक ठोका विसरणारा, म्हाताऱ्या माणसाच्या खोकल्यासारखा. मला एकदम झोप आली. अंगाला सवय होती.

किनारा मागे पडल्यावर बाबांनी मला खूण केली. मी घसा साफ करून माहिती दिली की आता एक छोटीशी औपचारिकता आहे. डॉक्टरांना गंमत वाटली. त्यांच्याकडे विमानात मिळालेली काळी पट्टी होती, ती त्यांनी स्वतःच लावली आणि दहाव्या लाटेला ते होडीच्या तळाशी आडवे झाले. सासूबाईंना मी फडकं बांधलं.

"दिसतंय का काही?" बाबांनी विचारलं. अगदी आजोबांच्या आवाजात. मी चमकून बघितलं, काकांनीही बघितलं आणि लगेच मान फिरवली.

"चालू द्या तुमचं," सासूबाई म्हणाल्या.

मग ठरल्याप्रमाणे. मी सुकाणूवर, नजर फक्त समोर. बाबा मागे तोंड करून, टाकीसाठी. काका उजवीकडे तोंड करून, झाडासाठी. कोणीही दुसऱ्याच्या बाजूला बघायचं नाही.

"डावीकडे घे. अजून. बास. हां, धर अशीच," बाबा म्हणाले. टाकी बसली होती. आता या रेघेवर सरळ पुढे जायचं आणि काका "आली" म्हणाले की थांबायचं.

काका म्हणाले, "पुढे."

आम्ही पुढे गेलो.

"अजून पुढे."

गेलो. डॉक्टर होडीच्या काठावर वाकले आणि त्यांनी नाश्ता समुद्राला दिला. सासूबाईंनी आवाजावरून त्यांच्या पाठीवर हात फिरवला. अगदी अचूक पाठीवर.

"अजून."

"काका, असंच पुढे गेलं तर दुसरा देश लागेल," मी म्हणाले.

मी नियम मोडून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. काका किनाऱ्याकडे बघत होते आणि त्यांचा चेहरा पाढा विसरलेल्या मुलासारखा झाला होता. टेकडीच्या पुढे चौदा मजल्यांची नवी इमारत उभी होती. ती गावातल्या सगळ्यांना माहीत होती, काका रोज तिच्यासमोरून दुकानात जायचे. पण ती नेमकी लाल छपराच्या आड येते हे रस्त्यावरून कळत नाही. ते कळायला समुद्रात यावं लागतं, आणि आम्ही दहा वर्षं आलो नव्हतो.

छप्पर नव्हतं. काकांची खूण नव्हती. आणि हे बोलून दाखवायचं म्हणजे बाबांना सांगायचं की माझ्याकडचं आप्पांचं अर्धं गेलं. मला करवतीचा आवाज ऐकू यायला लागला.

"ताई, त्याला विचार, काय झालं," बाबा मागे बघत म्हणाले.

"ताई, त्याला सांग, काही नाही. पुढे."

तेव्हा सासूबाई बोलल्या. "अगं मुली, हे हिरव्या बाजूचे भाऊ मघापासून त्या उंच इमारतीकडे बघतायत आणि त्यांना काहीतरी सापडत नाहीये. मदत करा कोणीतरी. रडकुंडीला आलेत."

इंजिन एक ठोका विसरलं.

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"दिसतंय ना," सासूबाई म्हणाल्या. "यातून सगळं स्वच्छ दिसतंय. चहा गाळायचं फडकं आहे हे. आमच्याकडे अशी चार आहेत. कडेला दुमडही तशीच आहे, बघ. मी म्हटलं, तुमची काही पद्धत असेल, कशाला मोडता घाला."

बाबा मागे बघत होते, काका उजवीकडे. दोघांच्याही माना हलल्या नाहीत. दोघांचेही कान मात्र लाल होत गेले, आणि दोघांचे कान सारखेच आहेत, आजोबांसारखे, दारासारखे उघडे. त्यामुळे मला सगळं व्यवस्थित दिसलं.

शेवटी काका म्हणाले, "ताई, त्याला विचार, त्याला झाड कधीपासून माहीत आहे."

"ताई, त्याला सांग," बाबा म्हणाले, "पहिल्या दिवसापासून." मग लगेच, "आणि त्याला विचार, त्याला टाकी?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग," मी न राहवून विचारलं, "दहा वर्षं तुमच्यातलं कोणी एकटं का नाही आलं इथे? दोन्ही खुणा दोघांनाही माहीत, होडी दारात!"

दोघांनी माझ्याकडे वळून बघितलं. मी काहीतरी फारच मूर्खपणाचं विचारलं होतं.

"एकट्याने कोण येतं इथे?" काका म्हणाले.

"काहीतरीच तुझं," बाबा म्हणाले.

आणि मग बाबा उठले, होडीच्या मधून, डॉक्टरांच्या अंगावरून पाय टाकत हिरव्या बाजूला आले आणि काकांच्या शेजारी उभे राहून कपाळावर हात धरून बघायला लागले. "छप्पर गेलं खड्ड्यात," ते म्हणाले. "शेंडा बघ. झाडाचा शेंडा इमारतीवरून दिसतोय की रे छोट्या."

काका छपन्न वर्षांचे आहेत. छोट्या ही हाक मीसुद्धा विसरले होते.

"पण शेंड्याखाली छप्पर कुठे धरायचं, दादा? इमारत सपाट आहे."

"आता इमारतीचा जिना आहे त्या बाजूला छप्पर होतं. मंगलोरी कौलांचं टोक कुठे यायचं?"

"त्या पाण्याच्या पाइपाच्या... नाही नाही, जरा अलीकडे. गच्चीवर ते डिश लावलंय ना कोणीतरी?"

"त्याच्यावर धर."

"धरलं. ए, मागे घे! मागे घे ताईला, पुष्कळ पुढे आलोय आपण. तुला सुकाणू कोणी दिलं?"

अशा रीतीने आमच्या आजोबांची गुपित जागा आता कोणाच्यातरी टीव्हीच्या भरवशावर आहे. त्या माणसाने डिश काढलं तर आमचा धंदा बसेल. बाबांनी त्याच्या घराची बेल वाजवून डिश चांगलं आहे, बदलू नका, असं सांगायचं ठरवलं होतं, मी कसंबसं थांबवलं.

काका "आली" म्हणाले, आणि बाबाही "आली" म्हणाले, एकाच वेळी. मी नांगर सोडला. दोर थोडा गेला आणि थांबला. खडक होता. बाबांनी दोराला हात लावून बघितलं.

गळ टाकल्या टाकल्या सासूबाईंना मासा लागला. हातभर लांब, तांबडा. फडकं त्यांनी आता कपाळावर सरकवलं होतं. त्यांनी मासा वर ओढला, त्याच्याकडे बघितलं आणि जावयाला म्हणाल्या, "उठा, पट्टी काढा, बघा हे." मग दुसरा, मग तिसरा. त्यांनी केळी आम्हाला वाटून टाकली, कारण पिशवी माशांसाठी हवी होती. डॉक्टर पट्टी काढून उठून बसले आणि त्यांच्या गळाला असं काही लागलं की होडी एका बाजूला कलली.

"ओढा!" बाबा ओरडले.

"असा नाही! दाढ काढता तसा! मुळातून!" काका ओरडले. त्यांना अनुभव होता.

डॉक्टरांनी पाय रोवले. ते जे काही होतं ते जरासं हललं. मासा झटके देतो. हे झटके देत नव्हतं. नुसतं जड होतं, सावकाश, लोखंडासारखं. बाबांनी आणि काकांनी एकमेकांकडे बघितलं. मग दोघांनी एकदमच डॉक्टरांच्या मागून दोर धरला. दोन हात, अजून दोन हात. आणि तो तुटला. तिघंही मागच्या मागे केळ्यांच्या सालींवर बसले.

"आप्पांचा नांगर," काका म्हणाले.

"छे. खडकाचा तुकडा असेल."

"नांगर होता, दादा. म्हणजे तेव्हा आपण बरोबर जागेवरच होतो. माझं झाड चुकलं नव्हतं."

"मग माझी टाकी पण नव्हती."

"मग भांडलो कशाला?"

"तू भांडलास. मी उत्तरं देत होतो."

परत येताना किनाऱ्यापर्यंत हेच चाललं. नांगर की खडक, पाटी कोणी फोडली, नळ मुळात कोणाचा. सासूबाईंनी मला हळूच विचारलं, "यांचं नेहमीच असं असतं का?" मी म्हणाले, "नाही हो, आज पहिल्यांदाच." आणि मला एकदम इतकं बरं वाटलं की मी डोळे मिटले आणि थोडा वेळ आम्ही कोणाच्याही देखरेखीशिवाय चाललो होतो.

धक्क्यावर हॉटेलवाला उभा होता. तो सोमवारपर्यंत थांबू शकला नव्हता, हातात टेप होताच. सासूबाई माशांची पिशवी घेऊन त्याच्या पुढ्यातून उतरल्या आणि पुढच्या रविवारी आम्ही परत येतोय, जावई नाही आले तरी मी येईन, असं मोठ्याने सांगून गेल्या. हॉटेलवाल्याने काकांकडे बघितलं.

काकांनी ताईकडे बघितलं. निळ्या बाजूकडून, जी त्यांनी दहा वर्षांत जवळून बघितली नव्हती.

"तिला विचारलं आम्ही," काका म्हणाले. "नाही म्हणतेय. म्हणते, अजून शिकायचंय."

त्या संध्याकाळी अंगणात, ओंडक्यांच्या रिकाम्या जागी, दोन्ही घरांच्या खुर्च्या मांडल्या होत्या. मी फडकं धुऊन दोरीवर टाकलं. वाऱ्यावर ते फडफडत होतं आणि त्याच्यातून मला पलीकडे बसलेले बाबा आणि काका अगदी स्वच्छ दिसत होते. तेव्हा मला आजीचा आवाज आठवला. आजोबा समुद्रावर जाणार असले की सकाळी स्वयंपाकघरातून हमखास यायचा तो. "अहो, माझं गाळायचं फडकं परत कुठे गेलं?" आणि आजोबा पायात चपला सरकवत म्हणायचे, "समुद्रावर लागतं गं."

ते समुद्रावर चहा करत असतील असं आम्हाला सगळ्यांना वाटायचं. होडीत कधी चूल नव्हती, किटली नव्हती. घरात जुनी धोतरं होती, जाड टॉवेल होते, गोणपाट होतं. डोळे बांधायला माणसाने त्यातून नेमकं काय उचललं होतं! आणि त्या एका फडक्यापायी आम्ही सगळी वर्षं पत्तीचा चहा प्यायलो.

आता आमचा धंदा बरा चाललाय. रविवार तर महिनाभर आधीच भरतात. बाबा आणि काका जागेजवळ आलो की अजूनही आपापल्या बाजूला माना वळवतात. गिऱ्हाइकांचे डोळे मी त्याच फडक्याने बांधते, आळीपाळीने, कारण ते एकच आहे.

"दिसतंय का काही?" मी विचारते.

आणि सगळे, वकील असोत, मास्तर असोत, एकजात म्हणतात, "छे, काहीच नाही."

सासूबाई पण आता तसंच म्हणतात.